ओला रोज, सुका बुधवार-शनिवार: कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या नोंदी

नवी मुंबईतली आमची सोसायटी सिडकोच्या जुन्या बांधणीतली. चार इमारती, ६४ घरं, चार मजले, लिफ्ट नाही. निम्म्याहून जास्त कुटुंबं माथाडी कामगारांची, सातारा-सांगली-पुण्याकडची. बाकी नोकरदार आणि महापे, ऐरोलीला कामाला जाणारे भाडेकरू. सुका कचरा नीट वेगळा होऊन पुनर्वापराला जावा आणि त्यात प्रत्येक घरानं भाग घ्यावा, यासाठी जे केलं ते त्या त्या वेळी वहीत लिहीत गेले. अशाच जिन्याच्या इमारतींमध्ये कुणी हे करू पाहत असेल तर उपयोगी पडेल. लिफ्टच्या टॉवरमध्ये अडचणी वेगळ्या असतात, त्यांना यातलं बरंच लागू पडणार नाही.

२ जून २०२४, रविवार

सुक्याचा निळा आणि ओल्याचा हिरवा डबा आमच्या प्रत्येक इमारतीखाली कित्येक वर्षं आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करणं प्रत्येक घराचं काम आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश दिवसभर येत होते. म्हणजे माहितीची कमतरता नाही. तरी निळ्या डब्यात नक्की काय जातं ते बघावं म्हणून आज एक पूर्ण डबा ताडपत्रीवर ओतला. चौघं-पाच जण होतो, सगळ्यांच्या हातात मोजे.

दह्याचे डबे, आत दही तसंच. दुधाच्या पिशव्या, आंबलेल्या. भाजीच्या सालींसकट गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद. पार्सलचे काळे डबे, रस्सा सांडलेले. वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं भरपूर. दोन ट्यूबलाइट, एक फुटलेली. सॅनिटरी पॅड आणि डायपर, काही कागदात, काही तसेच.

जे सापडलं नाही तेही महत्त्वाचं वाटलं. रद्दी, पुठ्ठ्याचे चांगले खोके, लोखंड, बिअरच्या बाटल्या या डब्यात जवळजवळ नव्हत्या. ज्याला भाव आहे ते लोक घरीच साठवून भंगारवाल्याला देतात, पूर्वीपासून देतात. सोसायटीच्या डब्यात येतो तो उरलेला, हलक्या भावाचा माल. त्यामुळे ‘कचऱ्यातून सोसायटीला उत्पन्न’ असं सांगून लोकांना बोलवायचं नाही, हे आजच ठरवलं. पहिल्याच हिशोबात ते उघडं पडलं असतं आणि मग कुणी ऐकलं नसतं.

९ जून, रविवार

मराठी आणि हिंदीतलं एक पानी पत्रक. झेरॉक्सला दोनशेच्या आसपास गेले. संध्याकाळी घरोघरी जाऊन दिलं. लोकांनी आत बोलावलं, चहा दिला, ‘चांगलं काम करताय’ म्हणाले.

२३ जून, रविवार

पत्रकानंतरचे काही दिवस निळे डबे बघण्यासारखे होते. आता पुन्हा पहिल्यासारखे.

आज पुन्हा घरोघरी गेले, पण सांगायला नव्हे, विचारायला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्पष्ट बोलले: “आम्ही वेगळं करतो हो. पण जिन्यात तुमच्या मावशी दोन्ही एकाच टबात ओततात. आमच्या डोळ्यांदेखत. मग करायचं कशाला?” हेच वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच घरांतून आलं.

सफाईच्या मावशींबरोबर सकाळी जिना चढून उतरले. त्यांच्याकडे एक टब. वरून सुरुवात करून प्रत्येक दारातला कचरा त्यात घेत खाली येतात. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत टब इतका जड होतो की कठड्याला टेकवून श्वास घ्यावा लागतो. “ताई, दोन टब घेऊन मी उतरू का पडू?” त्यांनी विचारलं. आमच्या कोणत्याही बैठकीत, कोणत्याही पत्रकात या टबाचा विचार झाला नव्हता. ६४ घरांनी कितीही नीट वेगळं केलं तरी जिन्यात ते एक होणारच होतं.

उपायही त्यांनीच काढला. “सुकं रोज कशाला काढता? ते काय वास मारतंय? आठवड्यातून दोनदा द्या, मी दुपारी वेगळी फेरी मारते. हलकं असतंय, गोणीत घालून खांद्यावर येतंय.”

ठरलं: ओला रोज सकाळी, सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी दुपारी. इतर दिवशी सुका दाराबाहेर ठेवायचाच नाही.

३० जून, रविवार

कमिटीची बैठक. मावशींच्या जादा फेरीचे पैसे द्यायला हवेत यावर वाद नव्हता, कुठून द्यायचे यावर होता. शेवटी दर घरी महिन्याला २५ रुपये, एकूण १,६००, सगळे त्यांना. हे भरायला काही घरं तयार नव्हती. त्यांचे सुरुवातीचे महिने आम्ही काही जणांनी मिळून भरले.

भंगाराचे पैसे कुणाचे, यावर जास्त वेळ गेला. खजिनदारांचं म्हणणं, माल सोसायटीचा तर पैसे सोसायटीच्या खात्यात. माझं आणि आणखी काहींचं म्हणणं, माल निवडून साफ करणारीचे पैसे. घाण हात त्यांचे होणार, पाठ त्यांची दुखणार. शिवाय माल कोरडा आणि स्वच्छ राहिला तर भाव मिळतो, आणि ज्याला तो भाव मिळणार तोच माणूस रोज मालाकडे बघणारा असेल तर लक्ष राहतं. ठराव थोडक्यात मंजूर झाला. पुढे ज्या काही गोष्टी जमल्या त्यातल्या निम्म्या या एका ठरावामुळे जमल्या असं माझं मत आहे. तुमच्याकडे हे करणार असाल तर हा ठराव आधी करून घ्या, डबे नंतर विकत घ्या.

मोजे: रबरी मोज्यांत हात घामानं भिजतो, मावशींनी तासाभरात काढून ठेवले. मग मागच्या बाजूला कापड आणि तळहाताला रबराचा थर असलेले आणले, साठेक रुपयांची जोडी. ते टिकले.

१४ जुलै, रविवार

पावसानं सगळा माल गेला.

सुका कचरा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या पोत्यांत ठेवत होतो. वाऱ्याबरोबर पाऊस आत आला, पोती खालून भिजली. भंगारवाले चाचा बघून म्हणाले, “यह तो पानी तौलना हुआ.” ओल्या पुठ्ठ्याचं वजन पाण्याचं असतं, वर तो दोन दिवसांत कुजतो, पुढचा व्यापारीही घेत नाही. तो सगळा कचऱ्याच्या गाडीत द्यावा लागला. लोकांनी इतके दिवस जपून वेगळं केलेलं त्यांच्यासमोर गाडीत गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

माल मीटर रूममध्ये ठेवावा अशी सूचना आली. विजेच्या वायरिंगजवळ कागद-प्लास्टिक ठेवायला मी विरोध केला आणि तो मान्य झाला. कुणी असं सुचवलं तर तुमच्याकडेही होऊ देऊ नका.

मार्ग काढला दुसऱ्या इमारतीतल्या काकांनी. काका एपीएमसी म्हणजे घाऊक बाजार समितीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले निवृत्त तोलणार, मालाचं वजन करणारे. त्यांनी मार्केटमधून कांद्याच्या वापरलेल्या जाळीच्या गोण्या आणल्या, काही रुपयांना एक अशा. जिन्याखाली प्लंबरकडचा उरलेला लोखंडी पाइप भिंतीत बसवून घेतला आणि त्याला गोण्या टांगल्या, जमिनीपासून हातभर वर. खालून पाणी गेलं तरी माल कोरडा, आणि चारी बाजूंनी वारा. कांदा सडू नये म्हणून जी गोणी वापरतात तीच इथे लागू पडली.

आणखी एक फायदा झाला जो कुणाच्या मनात नव्हता. जाळीतून आतलं दिसतं. खरकट्याची पिशवी आत गेली की जाता-येता दिसते, आणि टाकणाराही टाकताना जरा थांबतो. बंद निळ्या डब्यात हे कधीच घडलं नसतं. डबे विकत घ्यायचा विचार सोडून दिला.

२८ जुलै, रविवार

उंदीर. तळमजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी लेखी तक्रार दिली आणि कमिटीत ‘हे सगळं बंद करा’ अशी मागणी झाली. त्यांचं चुकलेलं नव्हतं. कारण शोधलं तर दह्याचे आणि श्रीखंडाचे न धुतलेले डबे, आणि पार्सलच्या डब्यांतला रस्सा.

‘धुऊन द्या’ असं आधीही सांगितलं होतं. पाणी वाया जातं म्हणून लोक धूत नव्हते. पाणीकपात सोसलेल्या घरांना ते पटणं अवघडच. म्हणून सांगण्याची पद्धत बदलली: वेगळं पाणी घेऊ नका, तांदूळ धुतलेल्या किंवा भांडी विसळलेल्या पाण्यात बुडवा, झटका, खिडकीच्या ग्रिलला चिमट्यानं लावा. काही घरांत दुधाच्या पिशव्या आता ग्रिलवर रुमालांसारख्या वाळत असतात.

दुधाच्या पिशवीबद्दल: कोपरा पूर्ण कापून टाकू नका, अर्धवट चीर द्या म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकत राहील. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही, केरातून थेट गटारात जातो.

तळमजल्यावरच्या वहिनींना दिलेला शब्द: शनिवारचा माल शनिवारीच उचलला जाईल, रविवारी जिन्याखाली काही राहणार नाही. चाचांनी हा वार पाळायचं कबूल केलं. तक्रार मागे घेतली गेली.

४ ऑगस्ट, रविवार

चाचांना बसवून नीट विचारलं, काय घेता आणि काय नाही.

घेतात: पुठ्ठा, वही-पुस्तकं, ‘बिसलेरी’ म्हणजे पाण्या-सरबताच्या पारदर्शक बाटल्या, ‘फुगा’ म्हणजे शाम्पू आणि फिनेलच्या जाड बाटल्या, दुधाची पिशवी, पत्रा, अॅल्युमिनियमचे कॅन. दुधाच्या पिशवीला इतर पातळ पिशव्यांपेक्षा चांगला भाव, पण धुतलेली हवी. बाटलीच्या तळाशी त्रिकोणातला आकडा असतो, १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. चाचा आकडा बघत नाहीत, बाटली दाबून आवाजावरून सांगतात. मी आकडा बघून ताडून पाहिलं, ते चुकत नव्हते.

घेत नाहीत: वेफर्सची चकचकीत वेष्टनं, कारण प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांपासून सुटत नाही. थर्माकोल, कारण गाडीभर नेलं तरी वजन नाही. तेलकट पिझ्झाचा खोका, कारण तेल मुरलेला कागद लगद्याला चालत नाही. दुकानातली गुळगुळीत बिलं, त्यावर रसायनाचा थर असतो. फ्रूटीसारखे खोकेही नाही. त्यात कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर असतात, ते सुटे करणारे कारखाने वेगळे.

हे पुन्हा पत्रकावर छापायचं नाही असं ठरलं. मुलांनी उरलेल्या प्लायवूडच्या फळीवर खऱ्या वस्तूच ठोकल्या. डावीकडे चपटी बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठ्याचा तुकडा. उजवीकडे वेफर्सचं वेष्टन, थर्माकोल, बिल. फळी गोण्यांच्या वर टांगली. वाचता न येणाऱ्या आजी आणि मराठी न येणारे भाडेकरू दोघंही तिच्याकडे बघून बरोबर टाकतात. या सगळ्या कामात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही फळी. खर्च फक्त खिळे आणि तारेचा.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज माल कुठे जातो ते बघायला गेलो. चाचांच्या टेम्पोमागे आम्ही काही जण. मुद्दाम त्यांनाही नेलं ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आणि खजिनदार. मावशीही होत्या.

तुर्भ्याच्या बाजूला पत्र्याच्या छपराखालचं गोदाम. आत दुधाच्या पिशव्यांचे दाबून बांधलेले गठ्ठे माणसाच्या उंचीएवढे, एकावर एक. बाटल्यांचा ढीग, त्यावर झाकणं आणि लेबलं काढणाऱ्या बाया. झाकणाचं प्लास्टिक वेगळं म्हणून ते वेगळ्या टोपलीत. पारदर्शक बाटल्यांचं पुढे काय होतं ते आजोबांनी विचारलं. गोदामवाल्यानं सांगितलं: चुरा करून धुतात, त्यातून धागा निघतो, त्याची उशीतली भरणी आणि कापड होतं. आजोबांनी एक बाटली हातात घेऊन बराच वेळ बघितली. ते गिरणीत काम केलेले, धागा म्हटल्यावर त्यांना त्यात रस.

मग आमचीच गोणी उघडली गेली. वरचा माल चांगला होता. मधून एक डायपर निघाला. निवडणाऱ्या बाईंनी तो उघड्या हातानं उचलून बाजूला टाकला, हात साडीला पुसला आणि पुढची बाटली घेतली. एकदाही वर बघितलं नाही, इतकं ते त्यांना नेहमीचं होतं. आमच्यातलं कुणी बोललं नाही. खजिनदारांनी त्यांना विचारलं, “रोज येतं का असं?” त्या म्हणाल्या, “रोज. काच पण येते.” आणि बोटावरची खूण दाखवली.

परवानगी घेऊन, चेहरे न दाखवता, थोडं चित्रण केलं आणि रात्री ग्रुपवर टाकलं. खजिनदारांनी स्वतः खाली लिहिलं: “हा डायपर आपल्या गोणीतला आहे. मी पाहिला.” त्याखाली वाद झाला नाही.

पुढच्या बुधवारी गोण्या नेहमीपेक्षा स्वच्छ होत्या. आपण वेगळं केलेलं खरोखर कुठेतरी पोचतं आणि ते कुणाच्या तरी हातात जातं, या दोन गोष्टी लोकांना डोळ्यांनी दिसायला हव्या होत्या. आधीच्या महिन्यांत आम्ही ओला आणि सुका याच्या व्याख्याच सांगत बसलो होतो.

२५ ऑगस्ट, रविवार

डायपर-पॅडचा विषय कमिटीतले पुरुष टाळत होते. आम्ही बायकांनी प्रत्येक जिन्यात एक जण ठरवून घरोघरी बोललो. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल पेननं मोठा ठिपका, आणि हे पुडकं ओल्या-सुक्या दोन्हींत न टाकता वेगळं द्यायचं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक कामगारांनी ही लाल ठिपक्याची पद्धत चालवली, तिथून घेतली. ठिपका बघितला की मावशी पुडकं उघडत नाहीत. मुलीच्या शाळेच्या दप्तरातला लाल स्केचपेन बाथरूममध्ये टांगलेला मी एका घरात बघितला.

फुटलेल्या काचेसाठीही हेच: जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम ढिलं पडलं. बरीच घरं गावी गेली, मागे राहिलेल्यांकडे पाहुणे. निर्माल्याची टोपली वेगळी ठेवली, ती लोकांनी व्यवस्थित वापरली. थर्माकोलच्या सजावटीवर बंदी असूनही दोन घरांत जुनं मखर निघालं, ते पुढच्या वर्षीही वापरा, फेकू नका, एवढंच सांगितलं. पुठ्ठा एवढा आला की शनिवारची एक फेरी पुरली नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

गेल्या महिन्यात कमिटीनं एक निर्णय घेतला: जे मिसळून देतात त्यांचे घरक्रमांक फळ्यावर लिहायचे. आठवडाभर लिहिले. पहिल्याच यादीत एकट्या राहणाऱ्या एका आजींचा क्रमांक आला. त्यांना मोतीबिंदू आहे, दुधाची पिशवी आणि सालींची पिशवी त्यांना हातानं सारखीच लागते. त्या जिन्यात बसून रडल्या. आणखी दोन घरांनी चिडून सुका देणंच बंद केलं आणि पुन्हा सगळं एकत्र टाकायला लागले. फळा पुसला. आजींसाठी शेजारच्या मुलीनं सुक्याची पिशवी दाराच्या कडीला बांधून दिली, म्हणजे जागेवरून ओळखता येते. चिडलेल्या घरांपैकी एक परत आलं, दुसरं अजून आलेलं नाही.

त्याऐवजी वजन लिहू लागलो. तोलणार काकांनी हातात धरायचा डिजिटल काटा आणला, साडेतीनशेला. शनिवारी प्रत्येक इमारतीची गोणी पायपाला लावून काका तोलतात आणि आकडा खडूनं लिहितात. मुलं भोवती जमतात. काका वजन उच्चारतात तेव्हा बाजारातला आवाज लागतो, खालून वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

थोड्याच दिवसांत इमारतींची चुरस लागली आणि तिथून काम भलतीकडे गेलं. एका इमारतीचा आकडा अचानक वाढला. काकांनी गोणी नुसती हातानं उचलली आणि म्हणाले, “हा पुठ्ठा भिजवलाय.” पोरांनी पाण्याचा शिडकावा केला होता, शिवाय कुणी तरी ऑफिसातून कागद आणला होता. काकांनी कुणाला रागावलं नाही. त्यांनी क्रमवारी लिहिणं बंद केलं.

आता फळ्यावर दोनच गोष्टी असतात: चाचांनी परत काढलेला माल किती, आणि का. ‘पुठ्ठा ओला’, ‘डबा खरकटा’, ‘चप्पल’. हा आकडा कमी व्हायला हवा. सुका कचरा किलोनं वाढणं हे काही चांगलं लक्षण नाही, त्याचा अर्थ आपण जास्त विकत घेतो एवढाच. सुरुवातीला चारी इमारतींचा मिळून परत आलेला माल नऊ किलोच्या पुढे होता, आता दोनच्या आत असतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. वर्षभरात येत नाही असं सगळं या दोन आठवड्यांत आलं: जुने चार्जर, वायरी, रिमोट, बंद मिक्सर, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे. तारीख आधी जाहीर केली होती म्हणून लोकांनी थांबून दिलं.

ई-कचरा वेगळ्या खोक्यात घेतला आणि नोंदणीकृत संकलकाला दिला. चाचांनी वायरी मागितल्या, त्यांना नाही म्हटलं. तांब्यासाठी त्या पुढे कुठे तरी जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो. चाचा नाराज झाले, पण पुठ्ठा जास्त आला होता म्हणून निभावलं. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता मूळ खोक्यात ठेवून घातक कचरा म्हणून वेगळ्या दिल्या.

एका मोबाइलची बॅटरी फुगलेली होती. ती पुठ्ठ्यांच्या गोणीत सापडली. असा माल दाबला गेला तर पेट घेतो. तेव्हापासून कोरड्या वाळूचा एक पत्र्याचा डबा उघड्यावर, गोण्यांपासून लांब ठेवला आहे, बॅटऱ्या फक्त त्यात. ज्यांच्याकडे संकलन केंद्र आहे त्यांनी हा डबा पहिल्या दिवसापासून ठेवावा.

२४ नोव्हेंबर, रविवार

अजून कोण भाग घेत नाही ते तपासलं. दोन प्रकारची घरं निघाली.

एक, जिथे कचरा घरकामाच्या ताई हाताळतात. आम्ही पत्रकं मालकिणींना दिली, डब्याशी संबंध ताईंचा. दुपारी जिन्यात सगळ्यांना चहाला बोलावलं. त्यांचं म्हणणं: दोन्ही डबे सिंकखाली शेजारी ठेवले की घाईत हात चुकतो, आणि सुक्याचा डबा लहान, पटकन भरतो, मग उरलेलं ओल्यात जातं. सुक्याची मोठी पिशवी बाल्कनीत किंवा दारामागे टांगा. ज्या घरांनी ऐकलं तिथे फरक पडला. एक ताई म्हणाल्या की त्या शेजारच्या सेक्टरमध्येही कामाला जातात आणि तिथेही आता पिशवी टांगायला लावली आहे.

दोन, एकत्र राहणारी नोकरदार मुलं. रात्रपाळी करून दुपारी झोपलेली असतात तेव्हाच मावशींची फेरी. त्यांचं म्हणणं ऐकल्यावर त्यांना शनिवारी संध्याकाळी चाचा येण्याआधी स्वतः खाली आणून द्यायची सोय केली. पार्सलचे डबे धुण्याबाबत त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. त्यांच्यातला एक आता काट्यापाशी काकांना मदत करतो, आणि तो सांगतो ते बाकीचे जास्त ऐकतात.

१९ जानेवारी २०२५, रविवार

मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. बदलीवर आलेल्या बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी बुधवारी दोन्ही एकत्र नेलं. लोकांनी ते बघितलं आणि शनिवारी गोण्या निम्म्या रिकाम्या. सहा महिन्यांत बसलेली सवय एका बुधवारनं हलली. लगेच ग्रुपवर खरं कारण सांगितलं, बदलीच्या बाईंना फळी दाखवली, त्यांनाही जादा फेरीचे पैसे सुरू केले, आणि पुढच्या शनिवारी काकांनी तोलताना मुद्दाम वरच्या मजल्यांना हाक मारली. बऱ्यापैकी सावरलं.

पुढे असं होऊ नये म्हणून: सुट्टीआधी बदलीच्या बाईंनी मावशींबरोबर एक बुधवार आणि एक शनिवार फिरायचं, त्या दोन दिवसांची मजुरी सोसायटीनं द्यायची. ठराव पुढच्या बैठकीत.

बाकी राहिलेलं: वेफर्सची वेष्टनं सध्या वेगळ्या गोणीत साठताहेत, सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून नेणाऱ्यांपर्यंत ती पोचवायला कुणी मध्यस्थ मिळतो का ते बघतोय. एकट्या सोसायटीचा माल त्यांना फार थोडा पडतो, म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांशी बोलणं चालू आहे. त्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्याकडे पत्रकाचा नमुना मागितला. त्यांना म्हटलं, आधी एक सकाळ तुमच्या सफाईच्या बाईंबरोबर जिना उतरून या, मग फळीसाठी प्लायवूड आमच्याकडून घेऊन जा, उरलेलं आहे.